साठीचा वैमानिक आणि शेजारची खुर्ची

आपल्याकडे घरातल्या कर्त्या माणसाला साठ वर्षे पूर्ण झाली की साठीशांत करतात, नातवंडे ओवाळतात आणि त्याच पंगतीत कुणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून चिमटाही काढतो. युरोपातल्या हेलिकॉप्टर वैमानिकाचा साठावा वाढदिवस इतका हलकाफुलका नसे. एकट्याने प्रवासी किंवा रुग्ण घेऊन उडणाऱ्या वैमानिकाला त्या दिवसापासून कायदाच खाली उतरवत असे. आदल्या संध्याकाळी त्याने डोंगरातून जखमी माणूस सुखरूप आणलेला असो, आठवड्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी निर्दोष असो, फरक पडत नसे. २०२५ च्या सुरुवातीला या नियमात मोठा बदल झाला, पण तो फक्त रुग्णसेवेच्या हेलिकॉप्टरांपुरता. पर्यटकांना फिरवणाऱ्या किंवा हवाई टॅक्सी एकट्याने चालवणाऱ्या वैमानिकासाठी साठची रेघ आजही तिथेच आहे.

ही रेघ वैद्यकशास्त्राने आखली की सोयीने, हा वाद जुना आहे. तो समजून घ्यायचा तर आधी ते हेलिकॉप्टर आणि त्यातली माणसे पाहावी लागतात.

जर्मनीत रुग्णसेवेच्या बहुतेक हेलिकॉप्टरांना ‘क्रिस्टोफ’ म्हणतात. प्रवाशांचा रक्षणकर्ता मानल्या गेलेल्या संत क्रिस्टोफरच्या नावावरून. पहिले ‘क्रिस्टोफ १’ १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकमध्ये कामाला लागले. त्यामागे पुढाकार होता मोटारचालकांच्या एडीएसी या क्लबचा. त्या एका वर्षात पश्चिम जर्मनीच्या रस्त्यांवर १९ हजारांहून अधिक माणसे मेली होती. जखमीला रुग्णालयात नेण्याऐवजी डॉक्टरलाच जखमीपर्यंत न्यावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. आज या एकाच संस्थेची पन्नासहून अधिक हेलिकॉप्टरे वर्षाला ५० हजारांच्या घरात फेऱ्या करतात.

दिवसाच्या नेहमीच्या फेरीला हेलिकॉप्टरात तिघे असतात: वैमानिक, डॉक्टर आणि आपत्कालीन सेवेचा प्रशिक्षित सहायक. जाताना हा सहायक पुढे वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. नकाशा पाहतो, रेडिओ सांभाळतो, उतरण्याच्या जागी विजेच्या तारा आहेत का यावर डोळे ठेवतो. हेलिकॉप्टर जमिनीला टेकले की तोच माणूस सलाइन लावायला डॉक्टरच्या मदतीला धावतो. विमानविद्येचे काही प्रशिक्षण त्याला मिळालेले असते, पण तो वैमानिक नव्हे. उड्डाणात वैमानिकाच्या छातीत कळ आली, तर हेलिकॉप्टर खाली उतरवणारा दुसरा कुणी त्यात नसतो. दुसरा वैमानिक घ्यायचा तर वजन वाढते, जागा जाते आणि प्रत्येक तळाचा खर्च फुगतो. साडेतीन-पावणेचार टनांच्या यंत्रात रुग्ण, डॉक्टर, औषधे, श्वसनयंत्र आणि इंधन बसवताना एकेक किलो मोजावा लागतो.

युरोपीय संघाचा वैमानिक परवान्यांचा नियम २०११ चा आहे. त्याची वयाबद्दलची मांडणी अशी: व्यावसायिक हवाई वाहतुकीत, म्हणजे पैसे घेऊन माणसे, माल किंवा टपाल नेताना, साठ वर्षांपर्यंत वैमानिक एकटा उडू शकतो. साठ ते पासष्टच्या दरम्यान शेजारी दुसरा वैमानिक हवा. पासष्ट झाली की या कामातून बाहेर. विमान आणि हेलिकॉप्टर यांत हा नियम भेद करत नाही. पण परिणाम फार वेगळा होतो. जेट विमानात नेहमीच दोन वैमानिक असतात, त्यामुळे तिथल्या कॅप्टनला साठ काय आणि बासष्ट काय, फरक जाणवत नाही. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार नेणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरातही दोघे असतात, म्हणून तिथला बासष्ट वर्षांचा वैमानिक बिनदिक्कत उडतो. फटका बसत होता तो डोंगरातून रुग्ण आणणाऱ्या एकट्याला. म्हणजे कागदावर हा वयाचा नियम असला, तरी प्रत्यक्षात तो विचारतो की शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे.

साठ या आकड्याचा जन्म मात्र युरोपातला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने १९५९ च्या अखेरीस जाहीर केले की प्रवासी कंपन्यांचे वैमानिक साठीनंतर उडणार नाहीत. मार्च १९६० पासून ते लागू झाले. जेट विमाने नुकतीच आली होती, त्यांवर तरुण वैमानिक हवेत अशी कंपन्यांचीही इच्छा होती. एकोणसाठाव्या किंवा एकसष्टाव्या वर्षी शरीरात नेमके काय बदलते याचा पुरावा कुणाकडे नव्हता. गोल आकडा होता, तो चिकटला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, २००६ मध्ये दोन वैमानिकांच्या विमानांसाठी ही मर्यादा पासष्टवर नेली. अट एवढीच की दोघांपैकी एकाची साठी झालेली नसावी. २०१४ मध्ये ती अटही गेली आणि पाठोपाठ युरोपनेही ती काढली. आपल्याकडेही प्रवासी विमानांच्या वैमानिकांना वरची मर्यादा पासष्टचीच आहे.

वैमानिकाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला भीती वाटते ती हळूहळू येणाऱ्या म्हातारपणाची नाही. गुडघे दुखणे, नाव चटकन न आठवणे, ऐकू कमी येणे या गोष्टी दर सहामाही तपासणीत किंवा सिम्युलेटरवरच्या परीक्षेत पकडता येतात. भीती आहे ती अचानक येणाऱ्या अवस्थेची. हृदयाची लय बिघडून शुद्ध जाणे, झटका, पक्षाघात, फिट. एका मिनिटापूर्वी ठणठणीत असलेला माणूस पुढच्या मिनिटाला काही करण्याच्या स्थितीत नसतो.

याचे सर्वांत कडू उदाहरण लंडनजवळचे आहे. १८ जून १९७२ रोजी हीथ्रोवरून ब्रसेल्सला निघालेले ट्रायडंट विमान तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळले आणि त्यातले सर्व ११८ जण मरण पावले. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या. त्यातल्या एकीच्या आतल्या अस्तरात ताजा रक्तस्रावही होता. अपघाताला इतरही कारणे होती, विमानाचा वेग फार कमी असताना पंखांपुढच्या पट्ट्या वेळेआधी मिटल्या गेल्या होत्या. पण कॅप्टनला त्या क्षणी वेदना होत असाव्यात आणि त्याचा निर्णय त्यामुळे बिघडला असावा, असे चौकशीत मानले गेले. त्याचे वय होते ५१. साठची मर्यादा, पासष्टची मर्यादा, कुठलीच त्याच्या आड आली नसती. शेजारी दुसरा वैमानिक होता, पण तो अगदी नवखा होता. कॅप्टन जागेवर बसलेला, डोळे उघडे, फक्त वागणे किंचित चुकते आहे, ही स्थिती ओळखायला त्या काळी कुणी शिकवत नसे. आज प्रत्येक सहवैमानिकाला ते शिकवले जाते.

दुसरे उदाहरणही १८ जूनचेच, वर्ष २००९. ब्रसेल्सहून न्यूअर्कला जाणाऱ्या कॉन्टिनेंटल कंपनीच्या बोइंग ७७७ चा साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर असताना मरण पावला. विमानात २४७ प्रवासी होते. बाकीच्या दोन वैमानिकांनी विमान नेहमीसारखे उतरवले. बहुतेक प्रवाशांना काय झाले ते खाली आल्यावर कळले.

या दोन घटनांच्या मधल्या काळात युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि हवाई वैद्यकातल्या डॉक्टरांनी एक हिशेब मांडला. तो ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून ओळखला जातो आणि आजही वैमानिकाला पात्र ठरवताना डॉक्टर त्याच्याकडेच पाहतात. हिशेब शाळकरी आहे, पण सावकाश वाचावा.

समजा, एखाद्या माणसाला पुढच्या वर्षभरात अचानक अक्षम होण्याचा धोका एक टक्का आहे. वर्षात ८,७६० तास असतात. सोयीसाठी १० हजार धरू. म्हणजे कुठल्याही एका तासात तसे घडण्याची शक्यता १० लाखांत एक. आता विमानप्रवासातला खरा नाजूक काळ म्हणजे उड्डाण आणि उतरणे, एकूण वेळेचा सुमारे दहावा भाग. उरलेल्या वेळात वैमानिक कोसळला तरी सावरायला अवधी असतो. म्हणून १० लाखाचे झाले एक कोटी. नाजूक काळातही शेजारचा वैमानिक शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा विमान सांभाळेल असे सिम्युलेटरवरच्या प्रयोगांवरून धरले. एक कोटीचे झाले शंभर कोटी. शंभर कोटी तासांत एक अपघात. प्रवासी विमानांसाठी एवढा धोका पत्करण्याजोगा मानला गेला. म्हणून वार्षिक धोका एक टक्क्याच्या आत असेल तर वैमानिक पात्र.

या नियमाने अनेकांची नोकरी वाचवली. पूर्वी हृदयविकाराचा झटका आला की वैमानिकाची कारकीर्द संपायची. आज बायपास किंवा स्टेंटनंतर किमान सहा महिन्यांनी हृदयाची ताकद चांगली असेल आणि ताण-चाचणीत रक्तपुरवठा कमी पडत नसेल, तर युरोपात त्याला परवान्यावर एक शेरा मारून परत घेतात: फक्त दुसऱ्या पात्र वैमानिकाबरोबर. साठीचा नियम नीट पाहिला तर तो हाच शेरा आहे. फरक इतकाच की तो कार्डिओग्राम पाहून डॉक्टर मारत नाही, जन्मतारीख पाहून कायदा मारतो.

आणि हेलिकॉप्टरची अडचण इथेच सुरू होते. वरच्या हिशेबातला शंभराचा गुणाकार हा दुसऱ्या वैमानिकाचा आहे. तो माणूसच नसेल तर गुणाकारही नाही. दहाचा गुणाकारही डळमळतो, कारण रुग्णसेवेच्या फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या असतात. त्यात दर वेळी एक उड्डाण आणि एक उतरणे येते, तेही विमानतळावर नव्हे तर शेतात, चौकात, दरीच्या काठावर. नाजूक काळ हा प्रवासाचा दहावा भाग राहत नाही, बराच मोठा होतो.

यंत्राचा स्वभावही वेगळा. विमानाचे हात सोडले तर ते काही काळ सरळ जात राहते. हेलिकॉप्टर, विशेषतः एका जागी तरंगत असताना, सारखे कुठेतरी कलू पाहते. वैमानिकाचा उजवा हात एका दांडीवर, डावा दुसऱ्या दांडीवर, दोन्ही पाय पेडलांवर आणि चारही सतत किंचित हलत असतात. नव्या हेलिकॉप्टरांतली स्वयंचलित यंत्रणा उंचीवर सरळ जाताना यंत्र स्थिर ठेवू शकते. पण झाडांमध्ये तीस मीटरवर तरंगत असताना वैमानिकाचा हात दांडीवर पडला तर वेळ सेकंदांत मोजावा लागतो.

मग प्रश्न उरतो की साठीत हा धोका खरोखर किती वाढतो. ब्रिटनमध्ये २००४ या वर्षाचा असा अभ्यास झाला. त्यात १६,१४५ व्यावसायिक परवानाधारकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. अचानक अक्षम होण्याचे सरासरी प्रमाण वर्षाला पाव टक्का निघाले. कारणांपैकी सुमारे निम्मी हृदयाची किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची होती. आणि साठीतल्या पुरुष वैमानिकाचा धोका चाळिशीतल्याच्या पाचपट होता. पाचपट हा शब्द भीतीदायक वाटतो, पण पाचपट कशाच्या, तेही पाहायला हवे. वैमानिक हा सामान्य लोकसंख्येपेक्षा निरोगी गट असतो. चाळिशीतला त्याचा धोका मुळात फार लहान असतो.

हिशेब आणखी एका बाजूने करता येतो. समजा, एक वैमानिक वर्षाला २०० तास हवेत असतो आणि त्याचा वार्षिक धोका पूर्ण एक टक्का आहे. झटका घरी, झोपेत, बाजारात कुठेही येऊ शकतो. नेमका त्या २०० तासांतच येण्याची शक्यता सुमारे ४,४०० त एक. असे हजार वैमानिक असतील तर चार-साडेचार वर्षांतून एकदा अशी घटना हवेत घडेल. धोका पाव टक्काच असेल तर सतराएक वर्षांतून एकदा. एकट्या वैमानिकाच्या हेलिकॉप्टरात तिचा शेवट बहुधा वाईटच होईल, आणि त्यात डॉक्टर, सहायक आणि कदाचित रुग्णही असेल. हा धोका शून्य नाही. पण रुग्णसेवेची हेलिकॉप्टरे कोसळण्याची नेहमीची कारणे पाहिली तर धुके, अंधार, न दिसलेल्या तारा आणि ‘जायलाच हवे’ हा दबाव यांचीच नावे पुन्हा पुन्हा येतात. खाली लहान मूल जखमी आहे हे माहीत असताना ढग पाहून परत फिरण्याचा निर्णय कोण घेतो? ज्याने तसे निर्णय आधी शंभर वेळा घेतलेले असतात, तो. अशा हेलिकॉप्टरचा मुख्य वैमानिक व्हायला युरोपात किमान हजार तासांचा अनुभव लागतो, तो उगीच नव्हे. हा अनुभव विकत घेता येत नाही. पूर्वी तो लष्करातून आयता येई, आता तिथूनही माणसे कमी मिळतात.

साठीच्या समर्थकांना विचारले जाते: मग प्रत्येकाला नीट तपासा ना, वय कशाला पाहता? इथे वैद्यकशास्त्राने प्रामाणिकपणे मान खाली घालायला हवी. पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी युरोपात पन्नाशीनंतर दर तपासणीला कार्डिओग्राम काढतात. साठीनंतर प्रमाणपत्र सहाच महिने चालते. प्रवाशांना घेऊन एकटा उडणाऱ्याला तर चाळिशीपासूनच सहा महिने. पण झोपून काढलेला कार्डिओग्राम त्या क्षणाचा असतो. ज्याच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आहे पण छातीत दुखत नाही, अशा माणसाचा तो पुष्कळदा अगदी सरळ येतो. ताण-चाचणी त्याहून बरी, पण ती प्रवाह अडवणारा मोठा अडथळा ओळखते. अनेक झटके मात्र अशा थरामुळे येतात ज्याने वाहिनी निम्मीसुद्धा बंद केलेली नसते. तो थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद. ‘परवाच तर ट्रेडमिल केली होती, नॉर्मल होती,’ हे वाक्य प्रत्येक अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांच्या तोंडून ऐकू येते. ते खोटे नसते.

सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्यांतले कॅल्शियम मोजता येते, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू यांचा एकत्र हिशेब केला तर कुणाचा धोका जास्त आहे ते बऱ्यापैकी सांगता येते. पण हे सगळे गटाबद्दल बोलते. तुमच्यासारख्या शंभरांपैकी एकाला, इथपर्यंतच डॉक्टर जाऊ शकतो. तो एक कोण, हे नाही. आणि या साऱ्या हिशेबात सर्वांत वजनदार घटक कुठला? वय. म्हणून ‘वय पाहू नका, धोका पाहा’ हे ऐकायला न्याय्य वाटले, तरी धोका मोजायला बसल्यावर वय पुन्हा दारातून आत येते.

बुद्धी नाठी होण्याचे काय? प्रतिक्रियेचा वेग वयानुसार मंदावतो हे खरे. अंधारात डोळे जुळायला वेळ लागतो, त्याच उजेडात साठीतल्या डोळ्याला तरुणापेक्षा कमी दिसते. रात्री दुर्बिणीसारखे चष्मे लावून उडताना हे जाणवते. त्या चष्म्याचे आणि हेल्मेटचे वजन मानेवर येते, आणि यंत्राच्या थरथरीमुळे हेलिकॉप्टर वैमानिकांच्या कंबरा आधीच दुखत असतात. चाळिशीचा चष्मा तर कायद्यानेच गृहीत धरला आहे: चष्म्यासह तीस ते पन्नास सेंटिमीटरवरचा नकाशा आणि एक मीटरवरचे यंत्रफलक वाचता आले पाहिजे आणि चष्म्याची दुसरी जोडी जवळ हवी.

पण अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षे सिम्युलेटरवर पाहिले तेव्हा चित्र इतके सरळ नव्हते. हे वैमानिक छोटी खासगी विमाने चालवणारे होते, हेलिकॉप्टरचे नव्हेत. सुरुवातीला वयस्करांची कामगिरी तरुणांपेक्षा कमी होती. मात्र पुढच्या तीन वर्षांत समोरून येणारे विमान टाळण्यासारख्या कामात त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली. ज्यांचे परवाने वरच्या दर्जाचे, ते जास्त टिकले. मुरलेला गवई तान कमी घेतो पण सम चुकवत नाही, तसे काहीसे. शिवाय हे सगळे सिम्युलेटरवर तपासता येते, त्यासाठी सरसकट वयाची काठी लागत नाही. काठी लागते ती फक्त अचानक येणाऱ्या आजारासाठी. त्यातही विमान उडवताना वैमानिक आजारी पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हृदय नसून पोट आहे, आणि शिळ्या अन्नाला वय कळत नाही.

युरोपातल्या न्यायालयांपुढेही हा वाद गेला. २०११ मध्ये लुफ्तान्साच्या वैमानिकांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितले की कंपनी आणि संघटना यांच्या कराराने साठीला नोकरी संपवणे हा वयावरून भेदभाव आहे. आंतरराष्ट्रीय नियम पासष्टपर्यंत परवानगी देत असताना सुरक्षेचे कारण पुढे करता येत नाही. २०१७ मध्ये त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीतला कॅप्टन पासष्टच्या मर्यादेविरुद्ध तिथपर्यंत गेला, तेव्हा मात्र न्यायालयाने मर्यादा उचलून धरली. वयाबरोबर क्षमता कमी होते याबद्दल पुरेसा वैद्यकीय आधार आहे आणि प्रत्येकाची वेगळी तपासणी करण्याची सक्ती कायदा करणाऱ्यांवर करता येणार नाही, असे त्याचे सार. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती: पासष्टनंतरही हा माणूस रिकामे विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ शकतो आणि नव्या वैमानिकांना शिकवू शकतो, कारण त्यात पैसे देऊन बसलेले प्रवासी नसतात.

डॉक्टर मंडळींनी हे वाचताना थोडे अवघडून बसायला हरकत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला, आपल्याकडे काय किंवा बहुतेक देशांत काय, नोकरीतून निवृत्तीचे वय असते, पण हातातली सुरी खाली ठेवण्याचे नसते. खासगीत तो सत्तरीतही शस्त्रक्रिया करतो, आणि दर सहा महिन्यांनी त्याचा कार्डिओग्राम कुणी मागत नाही. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो टेबलाशी कोसळला तर शेजारी सहायक असतो, भूलतज्ज्ञ असतो आणि शस्त्रक्रियागृह जमिनीवर असते.

रुग्णसेवेच्या हेलिकॉप्टरांना २०२५ मध्ये दिलेली सवलत याच विचाराने दिली आहे: साठ ते पासष्टच्या दरम्यान वैद्यकीय अटी पाळून वैमानिक एकटा उडू शकतो. तिला नियमातली ढिलाई म्हणणे सोपे आहे. पण इथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात खाली वाट पाहणारा माणूस आहे. पर्यटकांची फेरी रद्द झाली तर कुणाचे काही बिघडत नाही, म्हणून तिथे साठ कायम ठेवणे शहाणपणाचे. वैमानिक नाही म्हणून क्रिस्टोफ जमिनीवर राहिले, तर डोंगरातल्या गावात पक्षाघात झालेल्या बाईला वळणावळणाच्या रस्त्याने रुग्णवाहिका न्यावी लागते, आणि मेंदूच्या पेशी तोवर थांबत नाहीत. सवलत योग्य वाटते. मात्र तिच्यासोबत सहामाही तपासणी नावापुरती राहिली तर तिचा अर्थ उरणार नाही. साठीतल्या वैमानिकाने छातीतली जळजळ पित्त समजून लपवू नये, असे वातावरणही हवे. परवाना जाण्याच्या भीतीने लक्षणे दडवणे हा या पेशाचा जुना रोग आहे आणि त्यालाही वय नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्जचे विमान आल्प्समध्ये मुद्दाम पाडून स्वतःसह १५० जणांचा बळी घेणारा सहवैमानिक २७ वर्षांचा होता. त्याने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपवला होता.

पासष्टाव्या वाढदिवशी ही सवलतही संपते. त्यानंतर त्याच वैमानिकाचे प्रमाणपत्र चालू असेल, तर तो हेलिकॉप्टरखाली दोर बांधून जंगलातले ओंडके उचलू शकतो, विजेच्या मनोऱ्यांवर सामान पोहोचवू शकतो, एकट्याने. उड्डाणाच्या दृष्टीने हे काम रुग्ण आणण्यापेक्षा सोपे नाही. पण ते प्रवासी वाहतुकीत मोडत नाही, आणि कोसळला तर तो एकटाच कोसळेल. दर सहा महिन्यांनी तो तपासणीला येईल, बाही वर करून रक्तदाब मोजून घेईल, छातीवर कार्डिओग्रामच्या वाट्या लावून पडून राहील आणि उठताना खिशातली चष्म्याची दुसरी जोडी डॉक्टरला दाखवेल.